बुरा

स्क्रीनवरच्या काळ्या पोकळीत
डॉक्टर अडेयेमींनी पेनाचं टोक टेकवलं :
"हा बघा. एवढासा गोळा. बुरशीचा."
त्या अक्रोड म्हणाल्या,
मी मनात सुपारी केली.

पोकळी माझ्या ओळखीची.
एकोणीस वर्षांचा होतो, मिरजेच्या दवाखान्यात
सुया मोजायचं सोडून दिलं तेव्हा क्षय गेला,
जाताना एक खोली रिकामी करून गेला
आणि दार तसंच उघडं.
ती खोली छातीत घेऊन मी
ओल्डहॅमच्या गिरणीत रात्रपाळ्या केल्या,
मग बस चालवली, निवृत्तीपर्यंत.
चढावर धाप लागली की म्हणायचो, वय.

इंदुमती खुर्चीतून पुढे वाकली.
"अगंबाई, हा तर बुरा," म्हणाली
आणि माझ्याकडे असं पाहिलं
जसा ओला चमचा मीच बरणीत घातला होता.

बरणीचं सोपं असतं.
वरचा थर काढून टाकायचा,
तेल कडकडीत तापवून, गार करून ओतायचं,
दादरा बांधायचा घट्ट.
मला दादरा कुठे बांधणार?
कापून काढावं तर उरलेल्या फुफ्फुसात तेवढा दम नाही.
राहिल्या गोळ्या.

आधी इट्राकोनाझोल.
पोटात आम्ल हवं, म्हणून जेवणावर कोकाकोला.
बाहत्तराव्या वर्षी, सकाळी आठला,
पोह्यांशेजारी लाल डबा फसफसतोय
आणि नातू रडकुंडीला : आजोबांना कसा चालतो?
"औषध आहे," म्हटलं.
त्याचा अजून विश्वास बसलेला नाही.

तीन महिन्यांत घोटे सुजले. गोळी बदलली.
व्होरिकोनाझोल, उपाशीपोटी, बारा-बारा तासांनी.
औषधांच्या दुकानातली जेमा गंभीर होऊन म्हणाली,
"मिस्टर टिपनिस, उन्हापासून जपायचं हं."
मी दारातून बाहेर पाहिलं.
ओल्डहॅम. नोव्हेंबर. दुपारी तीनला दिवे लागलेले.
हसता हसता ढास लागली,
रुमालावर लाल ठिपका आला
तोही हसण्यातच जमा केला.

पहिला आठवडा, गोळीनंतर अर्धा तास
रंग अंगावर यायचे :
टपालपेटी पेटलेली,
ओल्या विटा हळदीकुंकवात बुडवून काढल्यासारख्या.
कुणाला सांगितलं नाही.
खरं तर थोडं आवडलं.

एकच गोष्ट जड गेली.
"खताचा ढीग उकरायचा नाही. कधीच."
टेकडीमागे माझा भाड्याचा वाफा,
वीस वर्षं मेथी लावतो मी तिथे, थंडीशी भांडून.
हिवाळी सकाळी ढिगात फावडं घातलं
की आतून वाफ निघायची,
कुजक्या पानांचा गोडसर, गरम वास,
आणि मी वाकून तो छातीभर घ्यायचो,
देवळातली आरती घ्यावी तसा.
म्हणजे मीच आणलं का त्याला घरी,
एकेका श्वासाने, इतक्या आवडीने?
डॉक्टर म्हणतात, तसं नाही, तो हवेतच असतो सगळीकडे.
त्या चांगल्या बाई आहेत.

आता शेजारचा एंटविसल ढीग वरखाली करतो,
तोंडावर फडकं बांधून, दरोडेखोरासारखा.
"तुझं ते कडू गवत," म्हणत
मेथीची जुडी फाटकावर अडकवून जातो.
आभार मानले की चिडतो.

बरं होईन का, असं एकदा विचारलं.
"जाणार नाही कदाचित. वाढू द्यायचा नाही, एवढं बघू."
दर खेपेला रक्तात औषध किती उतरलं ते मोजतात.
तो आकडा इंदुमती कॅलेंडरवर लिहिते,
चतुर्थीच्या चौकोनात, चंद्रोदयाच्या वेळेखाली.

रात्री दहाला ती पाण्याचा पेला आणते.
मी हात पुढे करतो.
"आधी कोरडा कर," म्हणते,
पदराने स्वतःच पुसते तळवा, बोटांच्या बेचक्यांतून,
आणि मगच गोळी ठेवते.